केटलीतल्या खपल्या

जाहेदा टीचरांनी केटली उलटी करून ओट्यावर दोनदा आपटली, तसा पांढऱ्या खपल्यांचा चुरा खाली पडला. उरलेला थर त्यांनी चमच्याच्या दांड्यानं खरवडला. तळाशी पुन्हा तेच, चुन्यानं सारवल्यासारखं. मंगळवारी लिंबूसत्व घालून उकळलं होतं, शुक्रवारी पुन्हा. शहागंजातून आणलेली पुडी निम्मी संपली, पण थर काही पाठ सोडायला तयार नव्हता.

नळाच्या पाण्यानं असं होत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मुलींच्या उर्दू शाळेत त्यांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. खारं पाणी उकळलं की त्यातले क्षार भांड्याला धरतात, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं की झोपेत उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. आणि उस्मानपुऱ्यातल्या या घरात दोन प्रकारचं पाणी कधी एकत्र झालं नव्हतं. अंगणातल्या बोअरचं खारं पाणी धुण्या-भांड्याला. नळाचं गोडं पाणी स्वयंपाकघरातल्या निळ्या ड्रममध्ये, प्यायला आणि चहाला. नवरा निजामुद्दीन होते तेव्हापासूनची ही शिस्त, आणि ते गेल्यावरही तिच्यात तसूभर फरक पडला नव्हता.

केटली विजेची, मुलानं, युसूफनं, पुण्याहून पाठवलेली. एकदा गॅस चालू राहून गेला होता, त्यानंतरची. मागच्या आठवड्यात तो येऊन गेला तेव्हा त्याच्या चहावर एक खपली तरंगत आली. त्यानं केटलीत डोकावून पाहिलं, मग आईकडं.

"अम्मी, ये बोअर का पानी है. तुम नल का समझके पी रैं."

"हौली, पागल समझा क्या मेरेकू?"

"पथरी का ऑपरेशन हुआ ना तुम्हारा? डॉक्टर क्या बोले थे?"

त्यांनी चमच्यानं ती खपली काढून टाकली. जाताना तो दारात चप्पल घालत म्हणाला, अगले इतवार को आता मैं, सामान बांध के रखो, मेरे साथ पुणे चलना. त्याच्या आवाजात राग असता तर त्या भांडल्या असत्या. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच त्यांना भय वाटलं.

तो रविवार आता उद्यावर आला होता. कपाटातला एक दुपट्टासुद्धा त्यांनी हलवला नव्हता.

शेवटी त्यांच्यातल्या टीचर जाग्या झाल्या. त्यांनी तीन रिकाम्या बाटल्या घेतल्या. एकीत ड्रममधलं पाणी, दुसरीत बोअरचं, आणि तिसरीत कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून मागून आणलेलं नळाचं. तिन्हींत साबणाचा सारखाच किस टाकला आणि एकेक बाटली हलवली. फळवाल्याच्या बाटलीला तोंडापर्यंत फेस आला. बोअरच्या पाण्यात नुसता दह्यासारखा साका फिरत राहिला. ड्रमच्या पाण्यातही साकाच.

त्या स्टुलावर बसल्या आणि एकट्याच हसल्या. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. पाण्यातच खोट होती.

पण मग घोटाळा आणखीच वाढला. ड्रम त्यांनी स्वतः भरला होता. सोमवारी. हिरवा पाइप नळाला लावला होता, पहिलं गढूळ पाणी तुळशीला सोडलं होतं. सगळं डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं. फक्त तुळस दिसत नव्हती. त्यांच्या अंगणात तुळस नव्हतीच, ती समोरच्या सारजाबाईंची. मग पाणी तिकडं नेऊन टाकलं असेल. त्यांनी तो विचार तिथंच सोडला. खरा प्रश्न वेगळा होता. घराची दुसरी किल्ली एकाच माणसाकडं होती.

सारजाबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. पैठणकडच्या खेड्यातून आलेली ही बाई बावीस वर्षं अंगणापलीकडं राहत होती. नवरा बद्रीनाथ एसटीतून रिटायर झालेला. ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीच्या करंज्या या अंगणातून कधी चुकल्या नव्हत्या. अशा माणसावर आळ घ्यायचा म्हणजे टीचरांच्या जिवावर आलं. पण उद्या रविवार होता.

"सारजाबाई, माझ्या ड्रममध्ये बोअरचं पाणी कोण टाकतं?"

सारजाबाईंचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही. एक पान खुडलं, आणखी एक खुडलं.

"म्याच टाकते, भाभी."

"आणि नळाचं?"

"न्हेते की घरी." मग जरा थांबून, "लेक आलीया, बाळंत झालीया. आमचं पुरत नाय."

"मागितलं असतं तर दिलं नसतं का?"

"चुकलं. लई चुकलं."

टीचरांना राग यायला हवा होता. आला तो आनंद, आणि त्या आनंदाची त्यांना लाज वाटली. अंगणातल्या दोरीवर बद्रीनाथचे दोन सदरे तेवढे वाळत होते. बाळंतिणीचं घर, पण एक लंगोट नाही की दुपटं नाही. ते त्यांना दिसलं, आणि आनंदाच्या भरात मागं पडलं.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "सोमवारी पाणी आलं की दोन घागरी तुमच्या."

"व्हय," सारजाबाई मेथीकडं बघत म्हणाल्या. "सोमवारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी टीचरांनी पुढच्या खोलीत बसून युसूफला फोन लावला. तो निघायच्या तयारीत होता. त्यांनी बाटल्यांचा प्रयोग पहिल्यापासून सांगितला, एखाद्या ढ पोरीला सांगावा तसा. सारजाबाईंचं नाव घेताना मात्र आवाज खाली आला. गरज में किये बेचारे, तू उनको कुछ बोल नक्को.

पलीकडं तो हसला. किती दिवसांनी हसला होता.

"मतलब तुम सही थे, अम्मी. फिर नक्को आऊँ?"

"नक्को. कल सोमवार है, मैं खुद खड़े रहके भरती. पिछले सोमवार को भी मैंच भरी थी."

"सोमवार?" तो म्हणाला. "तुम्हारे पास पानी आठ दिन के बाद आता ना?"

"हौ. आठ दिन के बाद. हर सोमवार."

"अम्मी, सात नहीं, आठ दिन के बाद आता तो हर बार सोमवार कैसा? एक-एक दिन आगे सरकता ना."

हिशेब तर पहिलीतल्या पोरीचा होता. सोमवारनंतर मंगळवार, त्यानंतर बुधवार. बोटांवर मोजत त्या कितीतरी पुढं गेल्या आणि कुठून सुरुवात केली होती तेच हरवलं. तेवढ्यात बाहेर काहीतरी एकदम बंद झालं. आवाज थांबल्यावर कळलं की आवाज होता. गल्लीतल्या नळाचं पाणी ओढायच्या मोटारी. तासभर तरी चालू असतील. त्यांनी खिडकीतून पाहिलं. रस्ता ओला होता, शेजारीपाजारी पाइप गुंडाळत होते.

स्वयंपाकघराकडून पाणी पडल्याचा आवाज आला.

फोन हातात धरूनच त्या आत गेल्या. मागचं दार उघडं होतं. सारजाबाई ड्रमवर वाकल्या होत्या. एक भरलेली बादली पायाशी, दुसरी हातात तिरपी. पदर कमरेला खोचलेला, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. टीचरांना पाहताच त्या दचकल्या.

"पाणी न्यायला आलते, भाभी," त्या घाईनं म्हणाल्या. "चोरूनच."

हातातल्या बादलीतलं पाणी ड्रममध्ये पडतच होतं.

"भरलेल्या बादल्या घेऊन?" टीचरांनी विचारलं.

सारजाबाईंनी बादली खाली ठेवली. हात पदराला पुसले, तरी ते ओलेच राहिले.

"मागल्या दोन खेपंला तुमी भरलं नाय ते मला उशिरा कळलं. पाणी जाऊन बसलं व्हतं. म्हनून बोअरचं टाकलं. रिकामा ड्रम बघून तुमी भ्याला असता. आज आमच्या नळाचं आणलंय."

"मला हाक का नाही मारली?"

सारजाबाईंनी कमरेला खोचलेला पदर सोडला.

"मारली व्हती की. दर खेपंला मारते. आज बी मारली. तुमी हौ म्हणाल्या, भाभी. आतून पाइप बी आणला."

टीचरांनी मागच्या दाराकडं पाहिलं. हिरवा पाइप पायरीवर पडलेला होता, कोरडा.

"अम्मी?" फोनमधून आवाज आला. "अम्मी, सुन रैं ना? फिर निकलूँ या नक्को?"

सारजाबाईंनी मान हलवली. सांगू नका, अशी. त्यांचे डोळे भरून आले होते.

जाहेदा टीचरांनी फोन कानाला लावला.

"निकल, बेटा," त्या म्हणाल्या. "आराम से आ."

मग फोन ओट्यावर ठेवून त्यांनी दुसऱ्या बादलीच्या कडीला एका बाजूनं हात घातला. दुसऱ्या बाजूनं सारजाबाईंनी.