एक्केचाळीस नंबरचं पाकीट

मी एक्केचाळीस नंबरचं खाकी पाकीट बोलतोय. माझ्यात कोर्टाची नोटीस नाही, लग्नपत्रिका नाही. माझ्या पोटात एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर काय लिहिलंय हे मलाच ठाऊक नव्हतं. तरी मी गप्प बसलो. माणसांना, त्यातही वयानं मोठ्या माणसांना, एवढंही जमत नाही. म्हणून आज तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म २००६ सालचा, इंदिरानगरातला. वत्सलाबाई नावाच्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या, दवाखान्याशी संबंध नाही म्हणून मुद्दाम निवडलेल्या बाईंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही साठ भावंडं जन्मलो. डब्यात पोळ्या गुंडाळतात तो चकचकीत कागद त्यांनी प्रत्येकाच्या पोटात घातला, म्हणजे कुणी उजेडाला धरलं तरी आतलं दिसू नये. मग कसलाच क्रम नसलेल्या आकड्यांचं एक जाड पुस्तक बघत चिठ्ठ्या टाकल्या, तोंडं चिकटवली. कुणात काय, याची यादी घरच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला.

"निदान मला तरी सांग," त्यांचे यजमान म्हणाले.

"तुम्ही आधी चहाचा कप उचला टेबलावरनं," बाई म्हणाल्या.

हा सगळा खटाटोप एका आजारासाठी. क्षय छातीत होतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो मेंदूच्या आवरणातही शिरतो, हे बहुतेकांना घरातलं माणूस आडवं झाल्यावरच कळतं. आधी डोकं दुखतं, ताप, उलट्या. मग मान ताठ होते, आणि मग पोरगं आईलाही ओळखेनासं होतं. औषधं आहेत, पण मेंदूपर्यंत त्यांतलं थोडंच पोचतं. औषध चालू असतानाही कितीतरी जण जातात.

दवाखान्यातल्या डॉक्टर तेजस्विनींना एवढंच शोधायचं होतं: नेहमीची लाल गोळी जास्त प्रमाणात दिली तर जास्त माणसं वाचतील, की यकृतच हात टेकेल? निम्म्यांना नेहमीचा डोस, निम्म्यांना जास्त. कुणाला कोणता, हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, नातेवाइकानं नाही, ओळखीच्या नगरसेवकानं तर नाहीच. ते ठरवणार आम्ही पाकिटं. ज्याचा नंबर येईल तेच उघडायचं.

चाळीस भावंडं गेली आणि माझा नंबर आला. पेशंट होता मनोज. वय बावीस, सातपूरच्या कारखान्यात लेथवर काम. महिनाभर डोकं दुखतंय म्हणत होता. घरच्या थोरांची बैठक बसली. आत्या म्हणाली नजर लागली, चुलता म्हणाला मोबाइल कमी कर, बापानं चष्मा करून दिला. पोरगं दवाखान्यात आलं तेव्हा शुद्ध हरपली होती.

बाप म्हणजे धोंडीराम, या अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर रंगनाथ सर यांच्या गाडीवर एकोणीस वर्षं ड्रायव्हर. तेजस्विनी त्याला संमतीचा कागद वाचून दाखवायला लागल्या.

"ताई, ऱ्हाऊ द्या. साहेब म्हणतील तिथं सही करतो."

"साहेबांचं नाही, धोंडीरामकाका. तुमचं मत हवंय."

"माझं मत?" धोंडीराम म्हणाला. "माझ्या मतानंच तर चष्मा घेतला त्याला."

तेजस्विनींनी सगळा कागद वाचला. दोन वेळा.

"म्हंजी कोनतं औषद चांगलं ते तुमालाच ठावं नाय?"

"नाही, काका. म्हणूनच शोधतोय."

धोंडीरामनं सही केली आणि तो मनोजच्या पायाशी जाऊन बसला.

इकडे दवाखान्यातल्या फायलींच्या खोलीत सर एकटेच होते. त्यांनी पाकिटांचं कपाट उघडलं, मला काढलं आणि खिडकीशी जाऊन उन्हाला धरलं. वळवून धरलं, काचेला दाबून धरलं. वत्सलाबाईंचा कागद पक्का होता. पण सर मनोजचं नाव पुटपुटत होते, खोटं कशाला सांगू? चोरी करताना एवढं प्रेम पोटात असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी बेचाळीस नंबरही काढला.

"सर?" दारात तेजस्विनी.

"ये. दोन्ही फोडू. जास्त डोस निघेल तो मनोजला. दुसरं पुढच्या पेशंटला."

"नाही सर."

"अगं, धोंडीराम माझ्या घरचा माणूस आहे."

"आणि पुढचा पेशंट कुणाच्या घरचा?"

सर म्हणाले, "तुला मी शिकवलंय, तेजस्विनी."

"हो सर. हेच शिकवलंत." त्या आत आल्या. "जास्त डोसच चांगला, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तीस वर्षांचा अनुभव आहे. मन सांगतं."

"मनाला कळत असतं तर ही पाकिटं कशाला केली असती आपण?"

त्यांनी हात पुढे केला. सरांनी मला त्या हातावर ठेवलं, बेचाळीस नंबर कपाटात परत ठेवला. मी फाटलो. चिठ्ठीवर दोनच शब्द: नेहमीचा डोस.

सर निघून गेले. पुढचे दहा दिवस रोज सकाळी वॉर्डात यायचे, मनोजची मान बघायचे, डोळ्यांच्या बाहुल्या बघायचे, धोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवायचे. तेजस्विनींकडे बघायचे नाहीत. मोठ्यांचा रुसवा तो!

अकराव्या दिवशी मनोजनं डोळे उघडले. बापाला म्हणाला, "दादा, ड्यूटी सोडून हितं काय करताय?" धोंडीराम रडता रडता त्याच्यावर खेकसला, "गप झोप!"

डावा पाय अजून ओढतो त्याचा. पण लेथवर परत उभा राहिला.

यावरून नेहमीचा डोस भारी, असं मात्र म्हणू नका. बेचाळीस नंबरात जास्त डोस निघाला. तो ज्यांना मिळाला त्या पेशंट बाई गेल्या. तिसऱ्या कुणाचं उलटंही झालं असेल. एका पाकिटावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तर साठ लागतात, आणि साठही थोडीच आहेत, असं तेजस्विनी म्हणायच्या.

निवृत्तीच्या आठवड्यात सर फायलींच्या खोलीत आले. तेजस्विनी तिथंच होत्या. सरांनी मला शोधून काढलं, पालथं केलं आणि माझ्या पाठीवर लिहिलं: "हे पाकीट उघडण्यापूर्वी मी उन्हाला धरून पाहिले. दुसरेही फोडायला सांगितले. डॉ. तेजस्विनी यांनी मला अडवले, ते योग्य केले." खाली सही आणि तारीख.

तेजस्विनींनी वाचलं. "सर, निष्कर्ष छापताना हे लिहावं लागेल."

"म्हणून तर सुवाच्य अक्षरात लिहिलंय," सर म्हणाले. "नाहीतर डॉक्टरचं अक्षर कुणाला लागतं?"

दोघं हसले. कितीतरी दिवसांनी.

आता मी पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहे. ठरलेली वर्षं भरली की आम्हाला यंत्रात घालून कापतात. कापा खुशाल, माझं काम झालंय. मोठ्या माणसांवर माझा राग आहे तो आहेच. पण त्यांच्यातल्या एकानं आपली चूक स्वतःच्या हातानं माझ्यावर लिहिली. तेव्हा यंत्रात घालण्याआधी मला एकदा पालथं करा, आणि घरातल्या थोरांना मोठ्यानं वाचून दाखवा.