घडीच्या कॅम्परचा नळ

पायरी एक

छप्पर उचला. न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलच्या वाऱ्यात याला दोन माणसं लागतात: एक उचलायला, एक सूचना द्यायला. यशोधनने उचललं. सूचना त्याच्या बाबांच्या. दीनानाथ, पुण्यात पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं, आता निवृत्त.

पायरी दोन

सिंकखाली वीस लिटरचा कॅन. कॅनमध्ये छोटा पंप. पंपापासून नळापर्यंत पाइप. नळ उघडला की पंप सुरू, नळ बंद केला की पंप बंद.

"हे खेळणं पाणी वर चढवणार?" बाबांनी विचारलं.

"चढवेल हो."

"पाणी वरून खाली येतं, यशा. चौतीस वर्षं तेच बघत आलोय."

"आपल्या तिसऱ्या मजल्यावर मात्र कधी आलं नाही, तेही सांगा की त्याला," आई खुर्चीतून म्हणाली.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं

आई, म्हणजे शकुंतलाबाई, मंगळवारी पुण्याला परत जाणार. सहा महिने राहिली, पण समुद्रकाठी मुक्काम काही झाला नाही. निदान तीन रात्री तिला कॅसलपॉइंटला न्यायचं म्हणून यशोधनने गाडीमागे ओढायचं हे अडतीस वर्षं जुनं कॅम्पर घेतलं. तिची अट एकच होती.

"नळाला पाणी पाहिजे. बादलीत तांब्या बुडवून अर्धा जन्म काढलाय मी. नळ नसेल तर तुम्ही जा, मी घरी बसते."

आणि ती खरंच बसली असती.

पायरी तीन

नळ उघडा.

आलं! यशोधनची बायको नीता टाळ्या वाजवत इथल्या लोकांसारखं "स्वीट ॲज!" म्हणाली आणि सासूबाईंना घेऊन आत बॅगा भरायला गेली. यशोधन खुशीत कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेला.

पायरी तीन, पुन्हा

तो परतला तेव्हा कॅम्परमध्ये दोन पातेली, कुकर, थर्मास, चार बाटल्या आणि नीताचं सॅलडचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं. कॅन कोरडा. नळ सताड उघडा. करपल्याचा वास.

"बाबा, हे काय?"

"पाणी आलं होतं ना. भरून ठेवलं."

"अहो, ते साठवलेलंच पाणी होतं! आणि नळ का उघडा?"

"परत आलं की आवाज होतो. कळायला नको?"

पंप जळला होता. गुड फ्रायडे, त्यामुळे हार्डवेअरची दुकानं बंद.

तेवढ्यात नीता दारात आली. तिने सॅलडच्या भांड्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. हसू दाबायचा तिने चांगला प्रयत्न केला. "बाबा, चहाचे कप राहिले की हो भरायचे."

बाबा हसले नाहीत. "हिला सांगू नका," एवढंच म्हणाले.

पायरी नाही, नुसती खटपट

बाबांनी पलंगाची फळी बाहेर ओढली. त्यावर गादी, गादीवर सुटकेस, सुटकेसवर कॅन. सगळी पातेली परत कॅनमध्ये रिकामी केली. मेलेला पंप काढून पाइपचं टोक तसंच पाण्यात सोडलं. मग नळ उघडून त्याला तोंड लावलं आणि गाल आत जाईस्तोवर ओढलं.

आई नेमकी तेव्हाच आली.

"काय चाललंय हे?"

बाबांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. नळातूनही येत होतं. करंगळीएवढी धार, पण अखंड.

आईने आधी नळ घासला, चांगला साबण लावून. मग कप विसळला. नळ बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. तिघं बघत राहिले.

"बारीक आहे," ती म्हणाली.

तिने विसळलेला कप उपडा ठेवला.

"पण चालेल. तिथे गेल्यावर कॅन असाच वर ठेवायचा. रात्रीसुद्धा."

"अगं, पण ती माझी गादी आहे," बाबा म्हणाले. "मी झोपायचं कुठे?"

"सांगते वाटेत," आई म्हणाली, आणि गाडीत जाऊन पुढच्या सीटवर बसली.