चारात एकाची पाळी

मी ह्यांच्या मामाची पोरगी. आमच्यात मामाची पोरगी करायचीच रीत हाय, त्यात इचारायचं काय? पन पुण्याच्या सायबांनी नेमकं तेच इचारलं आन् माझं टाळकं सणकलं. "आमच्या सोयरिकीत तुमचं काय अडलंय?" म्हनलं.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढल्या साली ते तिसगावाकडं आले. त्याच्या आधी आमच्या गावात गोवर येऊन गेल्ता. आळीतली सगळी पोरं उठून खेळाया लागली. माझा कानिफ तेवढा उठला न्हाई. जल्मापासनं पिवळट पोर माझं, तापात पार पांढरं पडलं आन् गेलं.

सायेब डॉक्टर न्हवते, गणिताचे हुते. गोवर एका पोराकडनं दुसऱ्याकडं कसा जातो, आन् जल्माचं कच्चं रक्त असंल तर त्या पोराचं काय करतो, ह्याचं गणित मांडत हुते. त्यांच्या संगतीच्या डॉक्टरनं आमा दोघांचं रक्त पुण्याला नेलं. परत आले तवा सायबांनी कागदावर दोन रेघा दाखवल्या, तापात पोराचं रक्त किती उतरतं त्याच्या. एक खाली जाऊन वर आलेली. दुसरी खालीच गेलेली.

"ही कानिफसारख्या मुलांची," ते म्हनाले.

मी त्या रेघेवर हात ठेवला. लई येळ ठेवला. त्यांनी बी कागद वढला न्हाई.

मग म्हनाले, "दोष तुम्हा दोघांच्याही रक्तात आहे. तुम्हाला त्रास नाही, पण चार मुलांत एकाला असं रक्त येतं."

चारात एक! आमच्या हिरीवर चौघा भावांची पाळी. आपली झाली, की बाकी तिघांची होऊस्तवर पान्याला हात लावायचा न्हाई. म्हंजी वाईट पाळी कानिफवर गेली, पुढची तिघं खणखणीत! मी ह्यांना हे समजावलं. पोर गेल्यापासनं हे अंगणात निजत हुते, ते घरात आले.

सायेब पुन्हा आले तवा मला दिवस गेल्ते. गुळाचा चा दिला आन् मोठ्या तोऱ्यात त्यांना पाळी सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला.

"मनकर्णाताई, ही विहिरीची पाळी नाही हो. झालेलं इथं धरत नाहीत. दर खेपेला पुन्हा चारात एक. मीच नीट सांगायला हवं होतं."

"आन् ह्या पोटातल्याचं?"

"जन्मल्याशिवाय कळायचं नाही. पण चारात तीन वाटे तरी ते बरं असेल."

"जळो तुमचं गणित!" म्हनलं, आन् चुलीम्होरं जाऊन रडले.

सायेब गेल्यावर ह्यांनी पेटीतनं कानिफची कुंची काढली. "धुऊन ठिवतो. येनाऱ्याला लागंल."

मी हिसकावून घेतली. अजून त्याचा वास हुता तिला.

"धुऊ नगा. त्याचीच हाय, तोच घालंल," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तोच पायजे तुला?" ह्यांनी इचारलं.

व्हय, मला दुसरं पोर नकोच हुतं. गेलेलं लेकरू त्याच कुशीत परत येतं म्हनतात. कानिफच येतोय असं धरून मी चालले हुते, रातध्याड पोटाशी त्याचंच नाव घेत हुते. पन तो आला तर तेच रक्त घेऊन येनार, हे ध्यानातच आलं न्हाई माझ्या. आता देवापुढं हात जोडून मागू तरी काय? कानिफ नको म्हनू?