लाल परकर

गुनहिल्डला कळा येत नव्हत्या. तरी तिनं मातीच्या घरावरच्या काठीला लाल परकर चढवला.

ठरलं होतं ते असं: कळा सुरू झाल्या की परकर वर, आणि तीन मैलांवरच्या शेजारणीनं, मारितनं, हातातलं टाकून धावत यायचं. अमेरिकेतल्या डाकोटाच्या त्या माळावर मारितखेरीज दुसरी बाईच नव्हती. नवरा रेल्वेच्या कामावर गेलेला, सात पोरं भोवती, आठवं पोटात, नि बोलायला कोण? वारा! तो मेला कुठं ऐकून घेतोय! दोन महिने झाले, दुसऱ्या बाईचं तोंड दिसलं नव्हतं.

मारित धापा टाकत आली. खिशातून कातरी नि दोरा काढत म्हणाली, "किती वेळानं येतायत?"

"येत नाहीयेत. बस ना जरा. भाजलेल्या जवाची कॉफी ठेवलीय."

"अगं, पाच कच्चीबच्ची पेटत्या चुलीपाशी टाकून आले मी! लाज कशी नाही वाटत? पुढच्या वेळी परकर दिसला तर काय समजू मी?"

कॉफीला न शिवता ती तरातरा गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत गुनहिल्ड दारात उभी होती. शरमेनं मेल्यासारखं झालं तिला. पण भांडायला का होईना, कुणी आलं होतं.

तीन आठवड्यांनी पहाटे खऱ्या कळा आल्या. थोरल्या राग्नानं परकर चढवला. ऊन डोक्यावर आलं.

"दिसतंय का गं कुणी?"

"नाही, आई!" राग्ना छपरावरून ओरडायची.

आपल्याच हातानं करून ठेवलं, म्हणून गुनहिल्ड उशीत तोंड खुपसून रडली. आपलं काही बरंवाईट झालं तर या सातांना कोण बघणार?

"आई, आली! पण धावत नाही गं, सावकाश चालत येतेय!"

मारित दारात आली ती केस विंचरून, रविवारचा झगा घालून. आत बघितलं नि जागीच थबकली.

"अगं बाई! खऱ्या आहेत?"

"कातरी काढ," गुनहिल्ड कण्हली.

मारितनं खिशात हात घातला. कातरी नव्हतीच. निघाली ती कॉफीची पुरचुंडी, खऱ्या कॉफीची, नाताळसाठी जपलेली.

"मला वाटलं, आजही खोटाच," मारितला रडू फुटलं. "म्हणून तर आवरून आले गं."

मग नाक पुसून तिनं बाह्या सारल्या.

"राग्ना, तुमची कातरी आण, पोरी. आणि दोन कप घासून ठेव."