ओट्याखालचा पाइप

या दुष्काळात आमच्या गल्लीला आठवड्यानं पाणी यायचं, तेही गटारीचा वास मारणारं. समोरच्या चाँदबीचा नातू ते पिऊन दोनदा दवाखान्यात जाऊन आला. दूध सोसायटीचे कॅनही त्याच पाण्यानं धुवायचे, म्हणून सोसायटीनंच नवा पाइप आणून दिला.

पाशा मिस्त्री खोदत खोदत माझ्या दारापर्यंत आला आणि थांबला.

"काकू, जुना पाइप तुमच्या ओट्याखाली गटारीतच सडलाय. नळ बंद झाला की गटारीचं पाणी आत शिरतंय."

"मग?"

"ओटा काढावा लागंल. न्हाईतर नवा पाइपबी गटारीतूनच न्यावा लागंल."

शहाबादी फरशीचा असा ओटा अख्ख्या वडवणीत दुसरा नाही. त्यावर बसून मी रोज गल्लीची हजेरी घेते. जमलेले सगळे ओट्याकडे बघायला लागले. चाँदबी तेवढी बोलली, "ऱ्हाऊ दे, पाशा. वच्छलाबाईचं तख्त हाय ते. आमी पिऊ की गटारीचं."

असलं ऐकून घेणारी मी नव्हे. "तख्त हायच," मी म्हणाले. "पण तुज्या नातवाला गटार पाजून मला राज्य करायचं न्हाई. पाशा, बघत काय बसलास? उचल पहार. आन् फरशी फुटली तर गाठ माज्याशी हाय."

नवा पाइप बसल्यावर नळ सोडला. आधी तांबडं पाणी आलं, मग निवळशंख. मी तांब्या नाकाला लावून पाहिला. कसलाही वास नव्हता. चाँदबीच्या नातवानं तोच तांब्या तोंडाला लावला.

ओटा पाऊसपाणी झाल्यावर बांधू. तोवर मी चाँदबीच्या ओट्यावर बसते. तो बुटका आहे, गुडघे दुखतात, हे तिला रोज सांगते. ती ऐकून घेते आणि चहा ठेवते.