क्लाइव्हने सोडलेला पगार

मंगळवार, सकाळचे सव्वादहा. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टीझ नदीच्या मुखाशी असलेला एक रसायनांचा कारखाना. त्याच्या आवारातली कंत्राटी कामगारांची चहाची केबिन. तिथे क्लाइव्ह गार्बटच्या हातातून मी खाली पडलो.

निसटलो असं म्हणणार नाही. त्याने मला धरलंच नव्हतं. आपण धरलंय असं त्याला वाटत होतं, एवढंच.

मी एक कप आहे. स्टीलचा, दुहेरी भिंतीचा, झाकणवाला. अंगावर हिरव्या अक्षरांत ‘थॉर्नलार्क’ असं छापलंय. हे नाव मी निवडलेलं नाही.

"म्हाताऱ्या, जमिनीला कशाला पाजतोस? तिने बिस्किट मागितलं तर काय देशील?" समोर बसलेला स्टू रेस्ट्रिक म्हणाला. केबिनभर हशा झाला. क्लाइव्हही हसला आणि त्याने हात टेबलाखाली नेला. मी जमिनीवर होतो, म्हणून मला तो हात दिसला. तीन बोटं पेराखाली मेणासारखी पांढरी पडली होती. तीस वर्षं पाइप घासायचं ग्राइंडर धरलं की ते यंत्र बोटांतली नस मारतं. आधी मुंग्या येतात, मग पांढरेपणा, मग काहीच नाही.

मला हे इतरांच्या आधी कळलं होतं. सुरुवातीला तो मला हातात घ्यायचा तेव्हा ऊब घ्यायला दोन्ही तळवे लावायचा. पुढे पुढे तो मला बघून उचलायला लागला. डोळे दुसरीकडे गेले की पकड सुटायची. कुणाला सांगणार? मला तोंड आहे, पण ते चहासाठी.

माझी सुरुवात सांगतो. छापखान्यातून आम्ही शेकडो भाऊ एकाच नावाचे निघालो. प्रत्येकाला वेगळ्या खोक्यात घातलं, सोबत चॉकलेटची वडी, एक पेन आणि चकचकीत माहितीपत्रक. ‘आमच्या कुटुंबात स्वागत’, असं वर लिहिलं होतं. माझं खोकं रेडकारमधल्या गार्बटांच्या घरी आलं. चॉकलेट क्लाइव्हची बायको बेव्हने खाल्लं. पेन पहिल्याच आठवड्यात बंद पडलं. माहितीपत्रकातल्या वचनांचं पुढे काय झालं ते सांगायलाच मी बोलतोय.

क्लाइव्ह कारखान्याचा नोकर नव्हता. कारखाना पैसे द्यायचा माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला, एजन्सी द्यायची थॉर्नलार्कला, आणि थॉर्नलार्क कर कापून द्यायची क्लाइव्हला. कागदोपत्री तीच त्याची मालक. अशी मधली पगार कंपनी घेतल्याशिवाय काम नाही, असं एजन्सीने स्वच्छ सांगितलं होतं, आणि कुठली घ्यायची तेही सुचवलं होतं.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात थॉर्नलार्कच्या ऑफिसातल्या एका मुलीचा फोन आला. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतो, फोन माझ्या शेजारी, आवाज मोठा केलेला.

"मिस्टर गार्बट, पगारातला काही भाग तुम्ही सोडून द्यायचा."

"आमचेच पैसे आम्ही सोडायचे?" बेव्ह मध्येच म्हणाली.

"सोडायचा म्हणजे तुमच्याऐवजी आम्ही तो सरळ तुमच्या पेन्शन खात्यात भरणार, मॅडम. तुमच्या हातात येत नाही, म्हणून त्यावर कर नाही."

"हातात येत नाही एवढं कळलं. पुढचं नीट सांगा."

तिने नीट सांगितलं. आणि मी ठामपणे सांगतो, योजना खोटी नव्हती. ती कायद्यात आहे, लाखो लोक तिच्यावर म्हातारपण काढतायत. क्लाइव्हचं पेन्शन खातंही खरं होतं, जुन्या आणि नावाजलेल्या पेन्शन कंपनीतलं. खोटं होतं ते मधलं बोट, ज्याने पैसे इथून उचलून तिथे ठेवायचे होते.

क्लाइव्हने कायद्याने जेवढा सोडता येतो तेवढा पगार सोडला. हातात जेमतेम उरायचं, घर बेव्हच्या पगारावर चालू लागलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. उन्हाळ्यातली सुट्टी बंद झाली, फिरायची जुनी गाडी विकली. डॉक्टरांनी क्लाइव्हला बोटांबद्दल सांगितलं होतं, आत्ता थांबलास तर आहे तेवढं वाचेल, पुढे गेलेलं परत येणार नाही.

"पंचावन्न पूर्ण होऊ दे," तो म्हणाला. "मग पेन्शनला हात लावता येतो. त्या दिवसानंतर ग्राइंडर बघणारसुद्धा नाही. लीक लावीन."

लीक म्हणजे कांद्याच्या पातीची जाडजूड बहीण. त्या भागातली माणसं ती हातभर वाढवून स्पर्धेत मांडतात आणि शेजाऱ्याची कमी भरली की महिनाभर खूश असतात. रोपं नाजूक असतात, ती बोटांनीच लावावी लागतात. क्लाइव्हने आपली बोटं पेन्शनसाठी खर्च केली आणि पेन्शन त्या बोटांसाठी हवं होतं.

दर शुक्रवारी फोनवर पगारपत्रक यायचं. त्यात ओळ असायची: पेन्शनमध्ये जमा. तो ती ओळ बघायचा आणि चहाचा मोठा घोट घ्यायचा.

"खातं उघडून बघितलंस का कधी?" स्टूने एकदा विचारलं होतं.

"शेअर बाजार पडलाय म्हणतात, पेन्शनचा पैसा त्यातच. बघितलं की उगाच जीव खालीवर. पडू दे तिथेच, वाढेल."

"मीपण नाही बघत. बायकोचं वजन आणि पेन्शन, दोन्ही विचारायचं नसतं."

मी दोघांच्या मध्ये होतो. मलाही ते शहाणपणाचं वाटलं.

मी पडलो त्याच दिवशी कारखान्याच्या नर्सने क्लाइव्हची बोटं बघितली आणि त्याला ग्राइंडर धरायला बंदी केली. पंचावन्नावा वाढदिवस महिनाभरावर होता. "बरंच झालं," घरी येऊन तो म्हणाला आणि त्याने पेन्शन कंपनीला फोन लावला. बेव्ह बटाटे सोलत होती.

"साहेब, तुमच्या खात्यात शेवटची रक्कम तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आली, तुमच्या आधीच्या मालकाकडून."

"परत बघा, बाई."

"बघितलं, साहेब."

"दर शुक्रवारी कापलेत."

"आमच्याकडे आले नाहीत."

बेव्हच्या हातातली सुरी थांबली. क्लाइव्हने मला उचललं. मी रिकामा होतो, तरी तो प्यायला.

थॉर्नलार्कचा नंबर बंद होता. एजन्सी म्हणाली, त्या कंपनीशी आमचा आता संबंध नाही, आणि तुम्ही तर आमचे कामगारच नव्हता. कर खातं म्हणालं, आमचा कर बरोबर आलाय. पेन्शन कंपनी म्हणाली, मालकाने भरलं नाही तर आम्ही काय करणार? तीन वर्षं एका माणसाचे पैसे यायचे थांबले, तर त्याला एक ओळ लिहून विचारावं, असं हिला का वाटलं नाही? कारखान्याने फोन उचलला नाही. पोलिसांनी तक्रारीचा क्रमांक दिला. सगळेच सभ्यपणे बोलले, हे मुद्दाम सांगतो. एकानेही आवाज चढवला नाही, आणि एकानेही काही केलं नाही.

मोफत सल्ला केंद्रातल्या बाईंनी कागद दोनदा वाचले. "कंपनी रीतसर बुडाली असती तर सरकारी निधीतून थोडं मिळालं असतं. हिने गुपचूप नोंदणीच रद्द करून घेतलीये. आणि मागायचं तरी काय? पगार म्हणून मागावा, तर तो तुम्ही सही करून सोडलाय."

"सोडला, पण त्यांच्यासाठी नाही सोडला," क्लाइव्ह म्हणाला.

बाईंनी मान हलवली. त्यांनाही ते पटत होतं. पटून काय करायचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शेवटी बेव्हने संगणकावर कंपन्यांची सरकारी नोंदवही उघडली. थॉर्नलार्कच्या संचालकाच्या जागी एकच नाव होतं: मारिविक तोलेन्तिनो, फिलिपिन्स. इलोइलो शहरातल्या त्या बाईला शोधायला बेव्हला फेसबुकवर दोन संध्याकाळी लागल्या. फोन लावण्याआधी तिने शिव्यांची उजळणी केली. त्यातल्या काही मी कारखान्यातसुद्धा ऐकल्या नव्हत्या.

पडद्यावर एक घामेजलेली, पन्नाशीची बाई आली. मागे कढईत साखरेतली केळी तळली जात होती आणि शेजारी कुणीतरी माइक घेऊन भसाड्या आवाजात गात होतं.

"तू माझ्या नवऱ्याची मालकीण आहेस," बेव्ह म्हणाली.

"कुणाची? मॅम, मला माझाच एक नवरा जड झालाय!"

मग बेव्हने सगळं सांगितलं. बाईचं हसू गेलं. तिने झारा खाली ठेवला.

"माझ्या मावसभावाच्या ओळखीचा एक माणूस आला होता, मॅम. म्हणाला, नाव दे, सही दे, पासपोर्टचा फोटो दे, घरबसल्या काम आहे. दोन पोती तांदळाएवढे पैसे दिले. एकदाच. मी विचारलं, काम काय? म्हणाला, तुला काहीच करायचं नाही."

"आणि तू काहीच केलं नाहीस."

"नाही केलं, मॅम. मला वाटलं, मोठ्या देशात अशीही नोकरी असेल." तिने डोळे पुसले. "मला तुरुंगात टाकणार का? माझी आई अंथरुणावर आहे."

बेव्हची उजळणी वाया गेली. "नाही गं बाई," ती म्हणाली. "तुझी केळी जळतायत, ती बघ आधी."

फोन ठेवल्यावर तिने मला उचललं आणि कचऱ्याच्या डब्यावर धरलं. "हे नाव मला घरात नको."

"ठेव तो," क्लाइव्ह म्हणाला. "पुरावा आहे."

"कशाचा?"

"ते लोक होते याचा."

आता मी कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, पोलिसांच्या तक्रार क्रमांकासोबत. तीन वर्षांत थॉर्नलार्कने क्लाइव्हला खरोखर पोचवलेली आणि टिकलेली वस्तू म्हणजे मी. क्लाइव्ह एका गोदामात रात्रपाळीचा पहारा मागायला गेलाय. सकाळी बेव्ह त्याच्या शर्टाची बटणं लावून देते. तो छताकडे बघत उभा राहतो, आणि ती मुद्दाम काहीतरी बोलत राहते. मला ते पिशवीतून ऐकू येतं.

वाचणाऱ्या माणसा, तुझ्या पगारपत्रकावर अशी ओळ असेल तर ती वाचून चहा पिऊ नकोस. खातं उघड. बाजार पडला असेल तर पडू दे. पैसे तिथे आहेत का, एवढं बघ.

फोन ठेवण्याआधी बेव्हने त्या बाईला आणखी एक विचारलं होतं: किती कंपन्यांवर सही केलीस? एकच, मॅम, ती म्हणाली, आईची शपथ. सरकारी नोंदवहीत मारिविक तोलेन्तिनो हे नाव बेचाळीस कंपन्यांच्या संचालकपदी आहे. त्यांतल्या सव्वीस चालू आहेत, आणि येत्या शुक्रवारी त्या क्लाइव्हसारख्या लोकांचे पगार काढतील.