झालरीखालची तारीख

लग्नाला जमत नाहीत इतकी माणसं त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या पटांगणात जमली होती. दिवस मावळत होता. सानगडीच्या बाजारातून परतलेले लोक खांद्यावरच्या पिशव्यांसकट तिथेच थबकले होते. सगळ्यांच्या माना एकाच भिंतीकडे. भिंतीवर चादरीएवढा कागद टांगलेला, त्याला झेंडूची माळ, आणि खालच्या बाजूला तांबड्या कापडाची झालर. कागदावर आमचं गाव होतं, आकाशातून दिसतं तसं. घरांचा पुंजका, सडक, तलावाची वाकडी पाळ, सगळं ओळखू येत होतं. फक्त शेतं लाल होती. हळद-कुंकवातल्या कुंकवासारखी नव्हे, बकरा कापल्यावर अंगणात रक्त सांडतं तशी.

कागदाशेजारी भय्याजी उभा होता. हा माणूस कुठल्या गावचा, कोणाचा, कोणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच त्याचा मान मोठा होता. अंगात सफारी, गळ्यात रुद्राक्ष, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याच्या उघड्या नजरेनं माणूस जळतो, असं लोक सांगायचे. मला तर त्याचे डोळे आल्यासारखे वाटले.

"नऊ ग्रह तुमाले मालूम आहेत," तो म्हणाला. "दहावा उपग्रह. तो माझ्या गुरूच्या हुकमात आहे. वरून पाह्यते, आन् जिथं पाप दिसते तिथं रक्त दाखवते. ही फोटो कालची आहे."

लोकांनी हात जोडले. त्यात एम.ए. झालेले होते, ग्रामसेवक होता, आमचे घनश्याम गुरुजीही होते. आकाशातून फोटो निघतो हे यांना माहीत होतं. तो भय्याजीच्या गुरूला विचारून निघत नसावा, एवढी साधी शंका मात्र एकालाही आली नाही.

त्यांच्या घाबरण्याला कारण होतं, ते मी लपवत नाही. त्या वर्षी धानाला तुडतुडा ही कीड लागली. लोंब्या भरायच्या वेळी बांध्यांमागून बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, जळाल्यासारख्या बसल्या. त्यातच तीन घरांत पोरं तापानं फणफणली. अशा वेळी माणसाला कारण हवं असतं, आणि खऱ्या कारणापेक्षा शेजारीण सोपी पडते.

तीन दिवस होम चालला. चौथ्या दिवशी भय्याजीनं दुसरा कागद टांगला. तेच गाव, तोच तलाव, तशीच माळ, तशीच झालर. पण शेतं आता राखाडी झाली होती. बायकांनी पदरानं डोळे पुसले. पाप धुतलं गेलं होतं.

"सारं नाही धुतलं," भय्याजी म्हणाला आणि छडी दोन जागी टेकवली. तलावाच्या काठाला लाल पट्टा राहिला होता, आणि पाळीखालच्या एका शेतात लाल ठिपका. जंगलाच्या कडेलाही काही लाल होतं, पण तिथे त्यानं माळ दुहेरी टाकली होती. "ह्या शेतातून करणी निंगते आन् तलावात उतरते. तेच पाणी तुमच्या धानाले, तेच लेकरायले. शेत कोनाचं, मी सांगत नाही. तुमीच सांगा."

सांगायला वेळ लागला नाही. शेत रुखमाचं होतं. रुखमा पंचेचाळिशीची, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. शेताच्या डोक्याशी तिची एक बोडी आहे, म्हणजे चार बाजूंनी मातीची पाळ घातलेलं लहान तळं. ती पाळ रुखमा दर उन्हाळ्यात स्वतः घमेल्यानं माती टाकून नीट करते, म्हणून गावची विहीर आटली तरी तिच्या बोडीत पाणी असतं. सरपंचीणबाईंचे यजमान श्यामराव यांनी त्या पाण्यासाठी दोनदा निरोप धाडला होता. पाळ फोडून पाणी माझ्या बांधीत सोड, असा. तिनं दोनदा नाही म्हटलं होतं. पंचायतीची किल्ली श्यामरावाच्याच कमरेला असते आणि भय्याजी आठ दिवस पंचायतीतच झोपत होता, हे मी नुसतं लिहून ठेवते.

निकाल असा झाला. उद्या दुपारी बारा वाजता बोडीची पाळ फोडायची, आणि रुखमानं दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं.

ती माझ्याकडे आली आणि ओट्यावर बसली. रडली नाही. म्हणाली, "मावशी, जाईन तं कुठं जाईन? माहेरी भाऊ दारात उभा करनार नाही. आन् पाळ फुटली तं वापस येऊन तरी काय करू?"

मी तिला चहा दिला.

मी अक्षरं शिकले ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, साक्षरता वर्गात. उशिरा शिकलेल्या माणसाला एक खोड लागते. तो कागदाचा कोपरासुद्धा सोडत नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचल्याशिवाय मी नातवंडांना पुडा देत नाही. त्यामुळे त्या झालरीनं मला चार दिवस सतावलं होतं. देवाला झालर लावतात ती वरून, छत्रासारखी. ह्यानं खालून काहून लावली असेल?

सकाळी भय्याजी पंचायतीचं दार उघडंच टाकून तलावावर अंघोळीला गेला. मी पंचायतीत शिरले. दोन्ही कागद शेजारी शेजारी टांगलेले होते. मी झालर उचलली.

खाली चार ओळी छापल्या होत्या, चक्क मराठीत. एका कागदावर बारा ऑक्टोबर, दुसऱ्यावर नऊ मे. खाली रंगांची यादी: लाल म्हणजे हिरवी, जोमदार वनस्पती. निळसर राखाडी म्हणजे उघडी जमीन. काळा म्हणजे पाणी. शेवटी एक नाव, खुशबू, आणि फोन नंबर.

तेव्हा मला आठवलं. नागपूरहून एक पोरगी दोन वर्षांपासून आमच्या भागातले जुने तलाव मोजायला येत होती. कोणत्या तलावात गाळ किती, पाणी किती महिने टिकतं, हे ती उपग्रहाच्या चित्रांवरून ताडून पाहायची आणि मग पाळीवर फिरून खात्री करायची. नोव्हेंबरात तिनंच हे कागद गावासाठी पंचायतीत दिले होते. ते कपाटात गेले, आणि कपाटातून थेट होमापाशी आले.

मी फोन लावला. ती जवळच, साकोलीत होती.

बारा वाजता बोडीच्या पाळीवर पन्नासेक माणसं फावडी घेऊन उभी होती. रुखमा पाळीवर बसली होती आणि उठत नव्हती. भय्याजी मंत्र म्हणत होता, त्यातला अर्धा सिनेमातला होता. मी दोन्ही कागद गुंडाळून काखेत घेऊन पोचले. मागून खुशबू स्कूटीवरून आली.

मी भय्याजीला विचारलं, "महाराज, हा राखाडी फोटो कधीचा जी?"

"काल पहाटेचा. समाधीत उतरला."

"पक्कं?"

"गुरूची आन, माय."

मी कागद घनश्याम गुरुजींच्या हातात दिला. झालर टरकन फाडली. म्हटलं, "गुरुजी, मले चष्म्याबिगर दिसत नाही. तुमीच वाचा, मोठ्यानं."

गुरुजींनी वाचलं. नऊ मे. मग दुसरा वाचला. बारा ऑक्टोबर. मग पुढची रंगांची यादीही वाचावी लागली.

मंदाबाई, माझी शेजारीण, मागून म्हणाली, "मेच्या नऊ तारखेले तं आमच्या डिंपलचं लगन होतं. हा बाबा तवा गावात कुठं होता?"

कोणीतरी हसलं. त्या गर्दीतलं ते पहिलं शहाणपणाचं लक्षण.

भय्याजी म्हणाला की छापणाऱ्यानं तारीख चुकवली. दैवी रंग शाळेच्या पुस्तकानं कळत नाही. हिरवं असतं तर हिरवं दिसलं असतं, लाल कायले दिसलं?

हा प्रश्न मात्र खरा होता, आणि लोक पुन्हा त्याच्याकडे वळायला लागले. खुशबूनं मंदाबाईच्या घरून टीव्हीचा रिमोट मागवला. मंदाबाईच्या सावलीत तो धरला, बटण दाबलं आणि विचारलं, "उजेड दिसतो का?" कोणालाच दिसला नाही. मग तिनं मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरलं. पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट पांढरा ठिपका लुकलुकला. फावडी खाली ठेवून माणसं रांगेनं पाहायला आली. श्यामराव सोडून सगळे.

"हा उजेड आहेच," ती म्हणाली. "आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. उन्हातही असाच न दिसणारा उजेड असतो. ताजं हिरवं पान तो खूप परत फेकतं, सुकी माती त्याहून कमी. उपग्रहाचा कॅमेरा तो टिपतो. पण त्या उजेडाला आपल्याकडे रंगच नाही, म्हणून कागदावर आम्ही त्याला लाल देतो. जितकं जास्त लाल, तितकं जास्त हिरवं. रुखमाताई, मे महिन्यात तुमच्या शेतात काय होतं?"

"वांगी, भेंडी, चवळी," रुखमा म्हणाली. "बोडीचं पानी होतं ना."

"आणि बाकीच्या गावात?"

बाकीच्या गावात मे महिन्यात ढेकळं होती. आणि तलावाच्या काठचा लाल पट्टा म्हणजे बेशरमाची झुडपं, जी दर वर्षी हातभर तलावात सरकतात आणि ज्यांच्याजवळून आम्ही रोज ढोरं नेतो.

आता सगळं उलगडलं. भय्याजीनं आधी ऑक्टोबर दाखवला, उभ्या धानाचा. मग मे दाखवला, रिकाम्या बांध्यांचा. पाप धुतलं नव्हतं. त्यानं कॅलेंडर उलटं फिरवलं होतं, आणि आम्ही त्याला नारळ फोडले होते.

खुशाल, श्यामरावाचा चुलतभाऊ, ऑक्टोबरचा कागद निरखत होता. त्यानं बोट ठेवलं. "बाई, इथं तं सगळ्यात लाल आहे. ही बांधी श्यामरावची ना?"

खुशबू म्हणाली, युरिया जास्त दिला की धान असं दाट, काळपट हिरवं होतं, आणि कागदावर गडद लाल. तुडतुड्याला असंच धान आवडतं. तुडतुडा पहिल्यांदा कोणाच्या बांधीत दिसला, ते तुम्हीच आठवा.

सगळ्यांना आठवलं.

"मंग का गा श्यामराव," मी विचारलं, "करणीवाला तू होतास का?"

श्यामराव मोटारसायकलकडे वळला. भय्याजीनं काळा चष्मा काढून पुसला. त्याचे डोळे साधे होते, कोणी जळालं नाही. पुढे त्यानं श्यामरावाच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचा बेत केला, पण पोलीस पाटलांनी चावी काढून घेतली. करणीवाली ठरवून बाईला गावाबाहेर काढणं हा गुन्हा आहे, हे त्यांना त्या दिवशी आठवलं. होमाच्या तिन्ही दिवशी ते पहिल्या रांगेत बसले होते.

माफी कोणीच मागितली नाही. माणसं फावड्यांकडे पाहत उभी राहिली, जणू फावड्यांनीच त्यांना इथवर आणलं होतं.

रुखमा पाळीवरून उठली. लुगड्याची माती झटकली. "फावडी आनलीच आहेत," ती म्हणाली, "तं रिकाम्या हातानं काहून जाता? तलावातला बेशरम उपटा."

आणि ते गेले. दिवस मावळेपर्यंत काठावर बेशरमाचे ढीग पडले. तिनं त्या लोकांना टोपलीभर वांगीही दिली. मी तिच्या जागी असते तर देठसुद्धा दिलं नसतं.

माझं सांगणं थोडंच आहे. उपग्रह कोणाचा गुलाम नाही, आणि त्याला पाप-पुण्य कळत नाही. त्याला पान कळतं, माती कळते, पाणी कळतं. ते त्यानं खरं सांगितलं होतं, कागदावर छापूनही आलं होतं. सगळ्या गावाला वाचता येत होतं आणि एकानंही वाकून पाहिलं नाही. म्हणून, कोणी बाबा तुमच्यासमोर कागद टांगेल, तेव्हा हात जोडायच्या आधी ते मोकळे असतानाच एक काम करा. खालची झालर उचला.